घोंगडी आणि खळे यांची सोयरीक

दुबलगुंडीच्या पिराप्पाच्या स्वभावात एक दोष होता, आणि तो दोष सद्गुणाच्याच कुळात जन्मलेला असल्यामुळे सहसा कोणाच्या लक्षात येत नसे. दारात आलेल्या माणसाला राम राम केल्यावाचून आणि चहाचे विचारल्यावाचून त्याला चैन पडत नसे. त्याच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरे होती. कळपामागे आठ आठ महिने परमुलखात हिंडणाऱ्या त्या माणसांना कोणाच्या ना कोणाच्या बांधावर पाणी मिळत आले होते. म्हणून आपल्या बांधावर आलेल्याला विन्मुख धाडायचे नाही, असा त्या घराचा नेम होता. आता मेंढरे गेली, त्यांच्या जागी तीन एकर तूर आली, नेम मात्र जसाच्या तसा राहिला.

अशा माणसाच्या हाती मोबाइल आला. त्यात एक ॲप होते, ज्याला गावात सगळे नुसते ‘मोठं ॲप’ म्हणत. पिराप्पाने ते उघडले, तो एकामागून एक अनोळखी चेहरे समोर येऊ लागले. आपल्या दारी इतकी माणसे आपण होऊन आली, हे पाहून त्याला गहिवरून आले, आणि त्याने प्रत्येकाचे यथासांग स्वागत आरंभिले. केशतेलाची जाहिरात करणाऱ्या तरुणीला त्याने लिहिले, ‘राम राम ताई. तेल चांगलं दिसायलंय. आमच्या डोक्याला उपेग न्हाई. चहा घिऊन जावा.’ पंजाबातल्या ट्रॅक्टरवाल्याला लिहिले, ‘राम राम सरदारजी. तिकडं पाऊसपाणी कसं हाय?’ आपोआप भविष्य सांगणाऱ्या एका यंत्राला लिहिले, ‘आमचं ऱ्हाऊ द्या, तुमचं कसं चाललंय?’

मोठ्या ॲपच्या गाभाऱ्यात एक गणित बसविलेले असते, असे जाणते लोक सांगतात. माणूस ज्याच्याशी बोलेल, त्याच्यासारखे आणखी चार त्याच्यापुढे आणून उभे करावेत, एवढेच त्या गणिताला कळते. पिराप्पा तर सर्वांशीच बोलत होता. असा भाविक त्या गणिताला पूर्वी कधी लाभला नसावा. पाहुण्यांची रीघ वाढत गेली, आणि सकाळचे दोन प्रहर त्यांच्या सरबराईत जाऊ लागले.

“आज किती झाले?” त्याची बायको कमलम्मा भाकरी थापता थापता विचारी.

“दोनशे चाळीस. अजून रांग हाय.”

“मग तुरीतलं तण काढाया त्यांच्यातलंच कुणी तरी बलवा की. त्यो ट्रॅक्टरवाला रिकामाच दिसायलाय.”

पिराप्पा हसून पुढच्या पाहुण्याकडे वळे. त्या सगळ्यांत त्याचा जीव जडला होता तो हरियाणातल्या एका म्हशीवर. काळीभोर, शिंगांची दोन वेटोळी, पाठीवर तुकतुकी अशी की आरशाने लाजावे. तिचा धनी रोज तिचे चित्र टाकी, आणि पिराप्पा रोज न चुकता लिही, ‘राम राम लक्ष्मीला.’

पिराप्पाची थोरली बहीण नागूबाई त्याला लाडाने ‘तम्मा’, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणे; ती आळंदला दिलेली होती. तिची मुलगी अंबिका आळंदमध्येच पलीकडच्या गल्लीत नांदत होती, आणि अंबिकेच्या मुलाचे जावळ काढायचे ठरत होते. बाळाने मामाच्या मांडीवर बसावे आणि मगच वस्तरा लागावा, अशी त्यांच्यात रीत. अंबिकेला सख्खा भाऊ नव्हता, तेव्हा मांडीचा मान तिच्या मामाकडे, म्हणजे पिराप्पाकडे आला. नागूबाईने तिथी धरली आणि ‘चार माणसांत सांगितलेलं बरं’ म्हणून अंबिकेकरवी मोठ्या ॲपवर लिहविले: पिराप्पा, अमुक वारी जावळ आहे, मांडी तुझी, येतोस का सांग.

आमंत्रण एकदाच द्यायचे, आणि उत्तर घेणाऱ्याने आपण होऊन द्यायचे. दुसऱ्यांदा विचारणे म्हणजे विनवणी, असे नागूबाईचे मत होते, आणि तिची मते बदलताना आळंदमध्ये कोणी पाहिलेली नव्हती. ती वाट पाहत राहिली. मोठ्या ॲपने तिचे आमंत्रण पिराप्पाला दाखविलेच नाही. त्याच्या दारात दोनशे चाळीस पाहुणे आधीच उभे होते. पण नागूबाई आपल्या भावाचे नाव रोज शोधते, हे गणिताने बरोबर हेरले होते. म्हणून त्याने भावाचे ताजे शब्द तिच्यापुढे तत्परतेने आणून ठेवले. ते शब्द होते, ‘राम राम लक्ष्मीला.’ खाली म्हैस.

तिथी टळली. महिना गेला, दुसरा गेला. या गोष्टीचा गंध पिराप्पाला लागला तो मडिवाळप्पांच्या तोंडून. मडिवाळप्पा म्हणजे भावकीतले सर्वांत वडील गृहस्थ. आळंदच्या बाजारात तूर घालून परत आले आणि थेट पिराप्पाच्या ओट्यावर बसले.

“पिराप्पा, तुझ्या बहिणीच्या नातवाला काल बाजारात एकानं म्हणलं, पोरगी लई गोड हाय.”

“पोरगी? पोरगा हाय की त्यो, अण्णा.”

“ते तुला म्हाईत. त्याच्या डोक्याला दोन वेण्या हायत. केस डोळ्यांत जायलेत म्हणून अंबिकेनं रिबिनी बांधल्यात. मी इचारलं, नागूबाई, जावळ कामून काढलं न्हाई? तर म्हणली, मामाला येळ न्हाई. मामा म्हशीसंगं बोलायलाय.”

पिराप्पाने हातातला पेला खाली ठेवला. त्याने तत्क्षणी बहिणीला फोन लावला.

“अक्का, मी पिराप्पा.”

“कोणचा पिराप्पा? म्हशीचा?”

“अक्का, मला तुजं बोलावणं दिसलंच न्हाई, देवाशप्पथ.”

“हरियाणातली म्हस दिसली, आळंदची बहीण दिसली न्हाई व्हय? चार माणसांत माझा अपमान केलास तम्मा, आता चार माणसांतच बोल. त्या जत्रंतून मी उठून आले. आता मी खळ्यावर असते. बोलायचं तर तिथं यिऊन बोल.”

फोन बंद झाला. दोन वेण्यांचा तो मुलगा पिराप्पाच्या डोळ्यांपुढून हलेना.

‘खळे’ म्हणजे काय, हे त्याला पुतण्या अरुणकुमारने समजावून सांगितले. अरुणकुमारचे बीदरला मैलूरमध्ये इन्व्हर्टर दुरुस्तीचे दुकान होते. वर्षापूर्वी त्याने दुकानातल्या एका जुन्या संगणकावर भावकीसाठी स्वतःची बैठक थाटली होती. ना जाहिरात, ना मालक कंपनी. जो जे बोलेल ते ज्या क्रमाने बोलेल त्याच क्रमाने सर्वांना दिसे. तिचे नाव त्याने ‘घोंगडी’ ठेवले होते, आणि तिच्यावर सत्तेचाळीस माणसे होती. ते पाहून आळंदच्या बालाजीने, म्हणजे नागूबाईच्या चुलतदिराने, तशीच बैठक आपल्या लोकांसाठी तुरीच्या दुकानात मांडली; तेच खळे.

“काका, तुमचंबी खातं घोंगडीवर हायच की,” अरुणकुमार म्हणाला. “वर्षात दोनदा आलाव तुम्ही.”

पिराप्पा ओशाळला. “तिथं समदी घरचीच माणसं, रं. घरच्यांना काय राम राम करायचा, म्हणून गेलो न्हाई.”

“बरं, खळ्यावर तुमचं खातं काढायचं का? बालाजीअण्णा काढून देतील.”

“काय बोलायलास तू!” पिराप्पा दचकला. “बहिणीच्या सासरी भावानं ऱ्हायला जायचं? लोक तोंडात शेण घालतील.”

“मग ऱ्हाऊ नका. आपण घोंगडीवरच ऱ्हायचं, ते खळ्यावर ऱ्हातेत. मी माझ्याकडं त्यांचं नाव लिहितो, ते त्यांच्याकडं आपलं लिहितील. घरं दोन, पण मधलं दार उघडं. इकडचं बोललेलं तिकडं जातंय, तिकडचं इकडं येतंय.”

इतका वेळ डोळे मिटून ऐकत असलेल्या मडिवाळप्पांनी डोळे उघडले. “असं सरळ सांग की बाबा. ही तर सोयरीक झाली.”

“सोयरीक न्हाई अण्णा, दोन ओळी लिहायच्या आणि एक बटन—”

“बटन मागून. आधी बोलणी. कुणाची माणसं, कशी माणसं, काय बी न इचारता घराला घर जोडाया आपण काय मोठं ॲप हाव?”

अरुणकुमारने खिशातून फोन काढला आणि बोलणीसाठी आळंदला बालाजीला लावला.

तिढा पडला तो कोणी कोणाच्या दारी जायचे यावर. आळंदकर म्हणाले, आधी घोंगडी झाली, तेव्हा त्यांनीच विचारायला यावे. दुबलगुंडीकर म्हणाले, रुसवा तुमच्याकडचा, तेव्हा तुम्हीच यावे. अखेर कोणीच कोणाच्या दारी जायला नको म्हणून गुलबर्ग्याच्या एका देवळाची ओवरी ठरली, आणि शुक्रवारी दुपारी दोन्हीकडची मिळून वीसएक माणसे तिथे जमली.

मडिवाळप्पांनी खरी, काळी, वडिलोपार्जित घोंगडी अंथरली. तिच्यावर बसून माणूस खोटे बोलत नाही, असा त्यांच्यात समज आहे. मधोमध दोन लॅपटॉप ठेवले, त्यांच्यापुढे सुपारी आणि नारळ. बालाजी धोतराचा सोगा सावरीत समोर बसला.

“तुमच्यात माणसं किती?” मडिवाळप्पांनी विचारले.

“अठ्ठावन.”

“समदी वळखीची?”

“एक टोपणनावानं हाय.”

दुबलगुंडीकरांत कुजबुज झाली. बालाजीने घसा खाकरला. “त्यो माझा साडू हाय. कविता लिहितो, आणि घरी कळू द्यायचं न्हाई त्याला.”

“कविता किती करतो?”

“रोज एक.”

मडिवाळप्पांनी दीर्घ श्वास घेतला. “हप्त्याला एक. लिही रे अरुण.”

अटी अशा ठरत गेल्या. सकाळच्या फुलांचे चित्र एका घरातून दिवसाला एकच यावे. कोणी वावगे बोलला तर त्याच्याच घरच्या वडिलाने त्याचा कान धरावा. दार बंद करायची पाळी आलीच तर कारण सांगून करावे. दुःखाच्या बातमीला नुसता अंगठा दाखवू नये, चार शब्द लिहावेत. ही अट मांडताना बालाजीने पिराप्पाकडे पाहिले, कारण त्याच्या घरच्या अशाच एका बातमीला पिराप्पाने नुसता अंगठा दाखविला होता, आणि पिराप्पाने घोंगडीची दशी चाळवायला घेतली.

शेवटी मडिवाळप्पांनी दोन्ही यंत्रांना भंडारा लावला. हात सढळ होता. अरुणकुमारने बटन दाबले. ते दबले आणि वर येईना. त्याने फुंकर मारली. पिवळा धूर उठला आणि बालाजीला सलग सात शिंका आल्या.

“शकुन चांगला हाय,” मडिवाळप्पा म्हणाले.

अरुणकुमारने टाचणीने बटन मोकळे केले, दोघांनी एकदम दाबले, आणि मधले दार उघडले. क्षणभर सर्वजण लॅपटॉपकडे असे पाहत राहिले की जणू आतून कोणी ताट घेऊन बाहेर येणार आहे. आणि खरोखरच खळ्यावरून पहिला निरोप आला. सोयरिकीचा पहिला शब्द, तो मोठ्याने वाचलाच पाहिजे, असा मडिवाळप्पांनी आग्रह धरला. बालाजीने चष्मा लावला, मान ताठ केली आणि वाचायला आरंभ केला.

“‘पिराप्पा. तू तीन वर्षांचा असताना तुला काखेत घिऊन मी मेंढरामागं चालले. तुला ताप आला तवा माझ्या वाटणीचं दूध तुला पाजलं. ते दूध शेळीचं होतं. म्हशीचं असतं तर तुला आठवण ऱ्हायली असती.’”

बालाजी थांबला. “पुढं वाचू का?”

“वाचा,” मडिवाळप्पा गंभीरपणे म्हणाले. “मधी तोडू नये.”

निरोप मोठा होता. त्यात पिराप्पाच्या लग्नात नागूबाईने उपसलेले कष्ट होते, मागच्या दसऱ्याला त्याने खाल्लेल्या नऊ पुरणपोळ्या होत्या, नातवाला ‘बेबी’ म्हणणाऱ्या शेजारणी होत्या, आणि दर चार ओळींनंतर म्हैस होती. मोठ्या ॲपने यातल्या कदाचित दोन ओळी दाखवून ‘आणखी पाहा’ असे म्हटले असते. येथे सर्व काही आले, अथपासून इतिपर्यंत. पिराप्पा टोपी हातात घेऊन उभा राहून ऐकत होता. एकदाही त्याने मान वर केली नाही. आणि तरी, ऐकता ऐकता, त्याच्या छातीवरचे ओझे कणाकणाने उतरत होते. बहीण बोलत होती. इतके बोलत होती.

“‘जावळ सोमवारी हाय,’” बालाजी अखेरीस आला. “‘मांडी तुझीच हाय, कुणाला दिली न्हाई. येतोस का ते तुझ्या हातानं लिही. अंगठा दाखवलास तर अंगठा कापीन.’”

सुपारी फुटली. चहा झाला. पिराप्पा मात्र उत्तराच्या चिंतेत होता. हजारो अनोळखी लोकांना त्याने विनासायास लिहिले होते; बहिणीला काय लिहावे, ते सुचेना. शनिवारी सकाळी तो तुरीच्या बांधावर बसला, लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. दुपारच्या भाकरीपर्यंत एवढे उतरले: ‘अक्का, चुकलं. म्हस परक्याची होती. येतो. पिराप्पा.’ त्याने ते पाठविले आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

त्याच घटकेला मैलूरचा ट्रान्सफॉर्मर उडाला. अरुणकुमारच्या दुकानात गिऱ्हाइकांचे अकरा इन्व्हर्टर दुरुस्तीला आलेले होते आणि स्वतःचा चालू असलेला एकुलता एक त्याने कोणाच्या तरी लग्नाला दिला होता. घोंगडी आपल्या सत्तेचाळीस माणसांसह अंधारात गेली. पिराप्पाने फोन उघडून पाहिला, तर नुसते चाक फिरत होते. उत्तर पोचले असेल, असे धरून तो सोमवारच्या तयारीला लागला.

सोमवारी पहाटेच तो कमलम्मासह निघाला. हुमनाबादेत गाडी बदलली, गुलबर्ग्यात बदलली. नवे धोतर, धुतलेली टोपी, बाळाला चांदीचे वाळे. आळंदला बहिणीच्या दारात पोचला, तर अंगणात पाट मांडलेला, कटिंगवाला वस्तरा परजून बसलेला, बाळ रिबिनींसकट अंबिकेच्या कडेवर. आणि नागूबाई भिंतीकडे तोंड करून बसलेली.

“अक्का, आलो.”

भिंतीकडूनच शब्द आले. “उत्तर कुठाय?”

“म्हंजे? शनिवारीच धाडलं की!”

“आमच्याकडं काय न्हाई आलं,” बालाजी खेदाने म्हणाला. “दोन दिस समदं खळं बघायलंय. अठ्ठावन माणसं.”

“अक्का, मी स्वतःच आलोय, ते उत्तर न्हाई का?”

“आला असशील रस्त्यानं जाता जाता. मी लिहून मागितलं होतं.”

पिराप्पाने फोन काढला. चाक फिरत होते. त्याने तो बहिणीच्या पाठीला दाखविला. पाठीने काही पाहिले नाही.

“अरुणला इचारा,” कमलम्मा पुढे झाली. “अक्का, चार तास धोतराला चिखुल लावून बांधावर बसले होते हे, एक ओळ लिवायला. म्हशीला असं कधी लिवलं न्हाई. म्हशीला पटापटा लिवतेत.”

नागूबाईचे खांदे किंचित हलले. ते रागाने की कशाने, हे भिंतीलाच माहीत. तरी ती वळली नाही. कटिंगवाल्याने मनगटावरचे घड्याळ पाहिले. बाळाने एक रिबीन उपटून तोंडात घातली. पिराप्पा अंगणाच्या मधोमध उभा होता. बसावे तर उत्तर नाही, निघावे तर मांडी त्याची.

इतक्यात बालाजीच्या खिशातला फोन वाजला. पाठोपाठ अंबिकेचा वाजला, मग कटिंगवाल्याचा, कारण तोही खळ्यावरचाच होता. मैलूरमध्ये वीज आली होती. अरुणकुमारच्या जुन्या संगणकाने डोळे उघडताच दोन दिवस उराशी धरलेला निरोप पहिल्याने पुढे धाडला होता.

“‘अक्का, चुकलं,’” बालाजी वाचू लागला. “‘म्हस परक्याची होती. येतो. पिराप्पा.’ शनिवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं.”

नागूबाई वळली. तिने बालाजीच्या हातातला फोन घेतला, वेळ स्वतः पाहिली, मग भावाला टोपीपासून टाचांपर्यंत पाहिले.

“मांडी धुतलीस का?”

“आंघूळच करून आलो, अक्का.”

“बस मग. उभा कामून हायस, लेकरू ताटकळलंय.”

पिराप्पा पाटावर बसला. दोन वेण्या सुटल्या, आणि बाळाने असा काही टाहो फोडला की गल्लीतल्या कोणालाही ती पोरगी आहे, अशी शंका पुन्हा आली नसती. पहिली बट मामाच्या धोतरावर पडली. बालाजीने खळ्यावर लिहिले, ‘मामा बसला.’ मग दोन्ही घरांतून, एकशे पाच माणसांतून, एकेक शब्द येऊ लागला, ज्याने आधी लिहिला त्याचा आधी, आणि टोपणनावाच्या साडूने आठवड्याची आपली एकमेव कविता तिथेच खर्ची घातली.

पंगत बसली. नागूबाईने भावाच्या पानात तिसरी पुरणपोळी वाढली, तूप ओतले, आणि कोणी ऐकत नाही असे पाहून खाली वाकली.

“तम्मा, त्या म्हशीला काय झालं रे? पोटुशी होती न्हवं ती?”

पिराप्पाचा घास हातात राहिला. “व्याली, अक्का. परवा. वगार झाली.”

“आणि मला कळवायचं न्हाई व्हय?” नागूबाई ताडकन म्हणाली, आणि चौथी पोळी त्याच्या पानात आदळली.